हौसेला चढ

फ्रान्समधल्या कुर्शव्हेलला स्कीइंगला जायचं तर स्वतःच्या चार आसनी विमानानंच जावं; चारचौघांत सांगायला बरं पडतं. तिथली धावपट्टी जेमतेम 537 मीटरची, तीही साडेअठरा टक्के चढाची. उतरायचं चढावर, उडायचं उतारावर. चुकलं तर समोर डोंगर आहेच! टाकी पूर्ण भरली, की वजनापायी चौथा माणूस तरी गाळायचा नाहीतर स्कीचं सामान. नवरा मेहुण्याकडे बघतो, बायको नवऱ्याच्या स्कीकडे. एवढं करून बर्फ पडू लागला (त्याच्यासाठीच तर निघालेले!), की उतरणं बंद. उपकरणांच्या भरवशावर उतरायची तिथे सोय नाही. मग खाली शाँबेरीला उतरून टॅक्सी. रेल्वे-बसवाले तोवर दोनदा घसरून गरम सूप पीत बसलेले असतात.