चावी खिशात, गाडी चालू

जुन्या शंभर सीसी मोटरसायकलची चावी गाडी चालू करते, अशी बहुतेकांची समजूत असते. ती तसलं काही करत नाही. १९९४ साली स्प्लेंडर आली, तिच्या आगेमागे तशाच इंजिनाच्या गाड्या घरोघरी शिरल्या. या पिढीत ठिणगीची वीज बॅटरीकडून येतच नाही. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतल्या कॉइलमधून ती सरळ सीडीआयकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डबीकडे, जाते. बॅटरी मेली तरी किक मारा, गाडी सुरू. चावीचं काम उलटं आहे. ती 'ऑफ'वर आणली की काळी-पांढरी वायर हिरव्या वायरीला, म्हणजे अर्थला, जोडली जाते आणि ठिणगीची वीज तिथेच जिरते. 'ऑन' केलं की ही आडकाठी निघते. सरकारी परवानगीसारखंच हे. मदत कुणी करत नाही, फक्त आडवं येणं थांबवतात.

हे कळलं की आमच्या घरच्या, त्याच पिढीतल्या गाडीचं वागणं चमत्कार वाटत नाही. तिच्या चावीच्या स्विचमधला 'ऑफ'चा कॉन्टॅक्ट झिजला होता. चावी फिरवायची, काढायची, खिशात घालायची, आणि गाडी आपली पार्किंगमध्ये टुकटुक करत उभी. सोसायटीचा वॉचमन धावत यायचा. "काका, गाडी चालूच राहिली!" मी खिशातून चावी काढून दाखवायचो. त्यावर तो दोन पावलं मागे सरायचा. मग मी पुढचा ब्रेक दाबून, टॉप गिअर टाकून क्लच सोडायचो. एक आचका देऊन ती निजायची.

दुसरी तऱ्हा हॉर्नची. बॅटरीचा करंट लाल वायरीतून स्विचमध्ये येतो आणि काळीतून हॉर्न-इंडिकेटरकडे जातो. हा कॉन्टॅक्ट ढिला झाला की इंजिन मजेत चालतं, हॉर्न मात्र चावी एका अंगाला दाबून धरल्याशिवाय बोलत नाही. इंडिकेटर बंद असल्याचं पुण्यात कुणाच्या लक्षात येत नाही. हॉर्न गेला की माणूस पोरका होतो.

दोष गाडीचा नाही, जुडग्याचा आहे. आपल्याकडे गाडीच्या चावीला घराची किल्ली, कपाटाची किल्ली, नेलकटर, बाटली उघडायचं काहीतरी आणि वर गणपती किंवा स्वामी समर्थ. हा सगळा संसार रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला चावीच्या गळ्यात झोके घेतो. कुलपात पितळी पट्ट्या असतात. चावीच्या खाचांनी त्या नेमक्या उंचीला आल्या तरच नळी फिरते. वर्षानुवर्षं हिसके बसले की खाचा गुळगुळीत, पट्ट्याही गुळगुळीत, आणि मग शेजाऱ्याची चावीसुद्धा मुकाट्याने लागते.

दुरुस्ती घरी होते. आधी बॅटरीची वायर सोडवायची, कारण लाल वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो. हेडलाइट उघडून स्विचचा कप्लर काढायचा, दोन बोल्ट सैल करून स्विच हातात घ्यायचा. यापुढचं काम परातीत करावं. परात मागताना "अहो, कणीक कशात मळू?" हा प्रश्न येतो, तो ऐकू न आल्यासारखं करावं. स्विचचं प्लास्टिकचं बूड बारीक आकड्यांनी धरलेलं असतं. जुनं प्लास्टिक ठिसूळ, त्यामुळे पातळ स्क्रू-ड्रायव्हरने एकेक आकडा जपून उचलायचा. बूड सुटताच स्प्रिंग आणि छर्रा उडतात. परातीत टण्ण आवाज आला तर देव पावला. नाही आला तर फ्रिज सरकवायचा.

आत बघावं. ग्रीस काळं पडून खरवसाएवढं घट्ट झालेलं, त्यात तांब्याचा चुरा चमकतो. फिरणाऱ्या पट्टीवर मुळात उठून दिसणारे ठिपके असतात. ते घासून चपटे झालेले. पेट्रोलच्या फडक्याने सगळं पुसायचं, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने ठिपके उजळायचे, स्प्रिंग किंचित ताणायची, नव्या ग्रीसचं बोट फिरवायचं. निम्मा रोग झिजेचा नसतोच, स्प्रिंग दमल्याचा असतो. आणि चावीच्या भोकात खोबरेल घालणाऱ्यांना आवरावं: तेलावर धूळ बसते. पेन्सिलीचं शिसं किसून टाकलं की भागतं.

कुलपातल्या पट्ट्यांना मात्र मी हात लावला नाही. नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, "अख्खा लॉकसेट टाका." म्हणजे स्विच, टाकीचं झाकण, बाजूचं कुलूप, सगळं नवं. इतकी शिस्त त्या गाडीला मानवली नसती.

शिवाय टाकीचं झाकण हे निराळंच प्रकरण निघालं. ते कधीमधी उघडणारं, त्यामुळे त्याच्या पट्ट्या अजून कडक. झिजलेली चावी त्याला मान्य नाही. पेट्रोल पंपावर मी चावी हलवत, फुंकर घालत उभा, मागे रांग. डुप्लिकेट करायला गेलो तर फूटपाथवरच्या चावीवाल्याने माझी चावी उजेडात धरली आणि परत दिली. "हिच्यावरून केली तर हिच्यासारखीच झिजलेली होईल. कंपनीची दुसरी चावी कुठंय?" ती सापडली, आरसी बुकाच्या पाकिटात, अजून नवी कोरी. आता ती फक्त टाकीसाठी. तिच्या गळ्यात आईने परवा साईबाबा अडकवलेत.