चाळीस गुंठ्यांचे साहेब

‘एक एकर’ असं ते चुकूनही म्हणत नाहीत. ‘चाळीस गुंठे’ म्हणतात. क्षेत्र तेवढंच, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बारा बैलांचा नांगर उभा राहतो. सोमवार ते शुक्रवार हे गृहस्थ हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शनिवारी पहाटे कोथरूडहून निघून चांदणी चौक ओलांडला की शेतकरी. पिरंगुटला चहा घेताना आवाजही बदलतो. टपरीवाल्याला ‘काय, पाऊसपाणी?’ विचारतात. तो ‘बरं हाय’ म्हणतो, आणि मग साहेब त्याला पावसाची माहिती देतात.

शेतकरी होणं त्यांना सोपं गेलं नाही. कूळ कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि यांच्या तीन पिढ्या पगारावर जगलेल्या. शेवटी कोकणातल्या एका सातबाऱ्यावर, चुलत्या-आत्यांच्या भाऊगर्दीत आजोबांचं नाव सापडलं. तलाठ्याकडे खेपा झाल्या, वारसनोंद झाली. वाट्याला आलेल्या जमिनीत एक माड उभा राहिला असता तर दुसऱ्याला शेजाऱ्याची परवानगी लागली असती. पण कायद्याच्या लेखी साहेब शेतकरी झाले आणि मुळशीत जमीन घ्यायला मोकळे झाले. याच खोऱ्यातल्या लोकांनी 1921 साली जमिनी धरणात जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. आता तिथले उतारे बिनबोभाट बदलतात. साहेबांना जमीन विकणारे मामा त्याच जमिनीवर पगारी राखणदार आहेत. पाहुण्यांशी ओळख करून देताना साहेब त्यांना ‘आमच्या घरातलेच’ म्हणतात. मामा मान डोलावतात आणि चहा आणायला जातात.

पोहोचल्याबरोबर गमबूट, टोपी आणि ऑनलाइन मागवलेला विळा. या विळ्याने आजवर फक्त विळ्याचं खोकं कापलं गेलं आहे. पहिला मान गाईचा. गाय गीर, साहेबांनी तिचं नाव ‘कपिला’ ठेवलंय. मामा तिला ‘गवरे’ म्हणतात आणि ती त्याच नावाला कान हलवते. आज धार आपण काढायची, असं साहेबांनी गाडीतच जाहीर केलेलं असतं. बादली गुडघ्यांत धरून ते बसतात, बाईसाहेब मोबाइल उभा धरतात, आणि गाय मान वळवून एकदा सगळ्या सोहळ्याकडे बघते. पाच मिनिटं झाली तरी बादलीच्या तळाला आवाज नाही.

‘साहेब, ती आज न्हाय सोडायची,’ मामा कुंपणापाशी उभ्याउभ्या म्हणतात.

‘का? खुराक कमी पडतोय का?’

मामा खुराकाबद्दल काही बोलत नाहीत. वासराचं दावं सोडतात, त्याला दोन ढुशा मारू देतात, कास कोमट पाण्याने धुतात, गाईच्या मानेखाली खाजवतात. पान्हा सुटतो. बादली फेसाने भरते. मग साहेब परत खाली बसतात, फोटो निघतो, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांना पोचतो. फोटोत मामांचा एक कान आलेला असतो, तो कापतात.

मग पिकांना घालायचं जीवामृत. दोनशे लिटरचं पिंप, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. साहेब काठीने ढवळतात, तेही उजवीकडूनच. हे मिश्रण पुढे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळावं लागतं, म्हणजे साहेब मीटिंगमध्ये असताना मामांनी. मामांच्या घरातल्या मावशींचा आक्षेप निराळाच आहे. एवढ्या बेसनात अख्ख्या आळीची भजी झाली असती, असं त्या दर खेपेला म्हणतात. मला तरी या पिंपाबद्दल एवढंच मत मोलाचं वाटतं.

कोंबड्या मात्र साध्या नाहीत, कडकनाथ आहेत. झाबुआचा कडकनाथ, 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला, मांस काळं, हाडं काळी, ही सगळी माहिती पाहुण्याला खुराड्यापाशी उभं करून मिळते. पाहुणा काळ्या अंड्याची वाट बघतो. अंडं निघतं चारचौघांसारखं फिकट, आणि साहेबांचा चेहरा पडतो. त्यात कडकनाथ कोंबडी अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते. म्हणून ती अंडी मावशींच्या खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की मालकीचा प्रश्न निघतो. अंडी साहेबांची, ऊब मावशींची. दर खेपेला दोन-चार पिल्लं मुंगसाने नेल्याचं साहेबांना फोनवर कळतं. मुंगसाचं घर कुठल्या दिशेला आहे, हे साहेबांनी कधी विचारलेलं नाही.

शेळ्या उस्मानाबादी. दुसऱ्या कुणी जुळी दिली की साहेब पेढे वाटत नाहीत, यांच्या शेळीने दिली की वाटतात. गेल्या मेमध्ये त्यांनी स्वतः दार उघडून शेळ्यांना ‘मोकळ्या हवेत’ सोडलं. तासाभरात केशरची आठ कलमं बुंध्यापर्यंत साफ. साहेब म्हणाले, ‘ऑरगॅनिक आहेत ना, म्हणून आवडली.’

रविवारी चारला परतीची घाई. थ्री-फेज वीज या आठवड्यात रात्रीची आहे, तेव्हा मोटार मामाच लावतील. गाडीत दोन लिटर दूध, अर्धी पिशवी वांगी आणि तळहातावरचा एक फोड. हा फोड सोमवारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवला जातो, आणि ‘मजूरच मिळत नाहीत हो हल्ली’ हे वाक्य त्याच्या जोडीला येतं. त्यांच्या मुलीने एकदा पेंड, कडबा, डॉक्टर, पेट्रोल आणि मामांचा पगार मिळवून हिशेब केला. दूध लिटरला चारशे ऐंशी रुपयांना पडत होतं. साहेबांनी तिला ‘ए-टू’ दुधाचं महत्त्व समजावलं. ती सोसायटीच्या दारातल्या दुधाचा चहा पिते.

तुम्हालाही बोलावणं येईलच. जरूर जा. इंद्रायणीचा वाफाळता भात मिळतो, मावशींच्या हातचं पिठलं मिळतं, हवा खरोखर छान आहे. दुधाचा भाव तेवढा विचारू नका. आणि शेतीबद्दल काही विचारायचं असेल, तर साहेब आंघोळीला गेल्यावर मामांना विचारा.