तीस पौंडांचे लिंब

साताऱ्यात ‘लिंब आणायला चाललोय’ असे सांगून कुणी घराबाहेर पडू नये. शेजारच्या काकूंनी कठड्यावरूनच विचारले, “बारा मोटांची विहीर बघायला का? मग ह्यांनाही न्या, नुसते बसून असतात.” लिंब हे आमच्याकडे गाव आहे, बायकोच्या हिशेबी ते सरबताचे सामान आहे, आणि तिरंदाजीच्या मैदानावर ती धनुष्याची पाती आहेत. मधल्या मुठीला रायझर म्हणतात, तिच्या वर-खाली बसणाऱ्या लवचीक पात्यांना लिंब. या तिसऱ्या अर्थाने माझे काय केले, ते सांगतो.

वय अठ्ठेचाळीस, नोकरी बँकेत, चष्मा जाड. ऑगस्ट 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्या भरात इथल्या बऱ्याच पोरांबरोबर मीही मैदानावर जाऊन उभा राहिलो. तिचे धनुष्य कंपाउंड, म्हणजे कप्प्यांचे. माझे रिकर्व्ह, म्हणजे ज्यात सगळा भार स्वतःच्या खांद्यावर येतो ते. लाकडी मुठीचे, 62 इंची, शिकाऊ. लिंबांवर ‘30 पौंड’ अशी ओढ छापलेली. घरी आल्यागेल्याला मी तो आकडा दाखवत असे. आमच्या प्रशिक्षकांनी मात्र माझे दोन्ही हात पसरून मोजले, 66 इंचांना अडीचने भागले आणि म्हणाले, “सर, छापलेले वजन 28 इंच खेचेचे असते. तुमची खेच साडेसव्वीसच्या आत. तीसातले तीनेक पौंड सोडून द्या.” तेव्हापासून मी पाहुण्यांना आकडा दाखवायचे बंद केले.

पुढे हौस वाढली. एका मुलाने खेळ सोडला, त्याचा लालभडक ॲल्युमिनियमचा 25 इंची रायझर नऊ हजारांत मिळाला. तो हातात घेतला आणि मला एकदम ऑलिंपिकचे सत्तर मीटर दिसू लागले. फक्त लिंब नव्हते. नवा जोड घ्यायचा तर आणखी सात हजार. प्रशिक्षक म्हणाले, “याला आयएलएफ जोडणीचेच लागतील. तुमचे बोल्टवाले आहेत, बसणार नाहीत.”

फरक असा. माझ्या जुन्या लिंबांना बुडाशी एक भोक होते, त्यातून बोल्ट घालून आवळायचा की झाले. आयएलएफच्या लिंबाला भोक नसते, बुडाला इंग्रजी ‘यू’सारखी खाच असते. ती बोल्टाखाली सरकते, आणि जरा पुढे बसवलेले पोलादी बटण रायझरच्या खाचणीत खटकन अडकते. ना पाना, ना पकड. पुढे तोच बोल्ट कमी-जास्त फिरवून धनुष्याचा ताण साधता येतो. मोठी देखणी युक्ती आहे. पण चांगल्या गोष्टीचे कौतुक करून गप्प बसणाऱ्यातला मी नव्हे. मी मनात म्हटले, भोकाची खाच करायला असा कितीसा वेळ लागतो? भोक काठापर्यंत कापले की खाचच!

रविवारी बायको माहेरी गेली आणि मी लिंब स्वयंपाकघराच्या ओट्यावर घेतले. हॅक्सॉ, कानस, ड्रिल मशीन, अरल्डाइट. बटणे एका लेथवाल्याकडून करून घेतली होती. “कशाला हवीत?” असे त्याने विचारले होते आणि मी “धनुष्याला” म्हटल्यावर त्याने पैसे आगाऊ घेतले होते. खाचा कापल्या. बटणासाठी नवी भोके पाडली, जागा डोळ्यांच्या अंदाजाने. माझ्या डोळ्यांबद्दल वर लिहिलेच आहे.

लिंब म्हणजे मधे लाकडाची पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे थर. ती कापली की पिठीसाखरेसारखा बारीक भुगा उडतो. तोंडाला फडके बांधायचे, अंग झाकायचे, आणि नंतर आधी गार पाण्याने धुऊन काढायचे, हे मला मागाहून कळले. मी हे काम बनियनवर केले होते. संध्याकाळी मानेला काहीतरी टोचले. मग कोपराला. मग अशा ठिकाणी, की बँकेतल्या माणसाने चारचौघांत उल्लेख करू नये. मी कढत पाण्याने आंघोळ केली आणि टॉवेलने खसखसून अंग पुसले, म्हणजे उरलेला भुगाही नीट चोळून बसवला. तोच टॉवेल रात्री परतलेल्या बायकोने वापरला, सकाळी मुलाने. सोमवारी आमचे अख्खे घर खाजवत होते. मुलाला शाळेतून ‘खरूज असल्यास बरी होईपर्यंत पाठवू नये’ अशी चिठ्ठी आली. ओट्यावर लाटलेल्या पोळ्यांविषयी बायकोने मला तोपर्यंत काही विचारले नव्हते. चिठ्ठी वाचल्यावर विचारले.

मंगळवारी मी गच्चीवर गेलो. लिंब बसले! म्हणजे खाचेत शिरले, बटणे अडकल्यासारखी दिसली. मूठ आठ इंचांनी लांब झाल्याने धनुष्य आता 70 इंची झाले होते, म्हणून 66 इंची दोरी विकत आणली होती. या प्रकरणात योग्य मापाची तेवढी एकच वस्तू. दोरी चढवली आणि वरच्या-खालच्या लिंबांपासून तिचे अंतर मोजले. दोहोंत चार-पाच मिलिमीटरचा फरक चालतो. माझा चौतीस निघाला. वरून पाहिले तर दोरी मधोमध नसून नाराज पाहुण्यासारखी एका कडेला बसलेली. शिवाय लांब मुठीवर तेच लिंब कमी वाकतात, त्यामुळे ओढ आणखी काही पौंडांनी हलकी झाली होती. सोळा हजार टाळून नऊ हजारांत मी आधीपेक्षा अशक्त धनुष्य तयार केले होते.

तरी ओढून पाहावेसे वाटलेच. अर्ध्यावर आलो आणि नव्या भोकापाशी ‘कट्ट’ असा आवाज झाला. तंतू कापलेली जागा ती. फाटायला तिथूनच सुरुवात व्हायची. बटण निघाले, दोरीने मनगटावर वळ उठवला, चष्मा पाण्याच्या टाकीखाली गेला आणि वरचा लिंब कठडा ओलांडून शेजारच्या गच्चीत, वाळत घातलेल्या कुरडयांत पडला.

काकूंचा आवाज आला, “अहो, हे काय पडलं?”

“लिंब,” मी म्हटले.

बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “एवढं?”

मैदानावर प्रशिक्षकांनी तुटका लिंब उलटसुलट पाहिला आणि शेजारच्या मुलीच्या हाती दिला. बारा वर्षांची, बांबूच्या धनुष्याने तीस मीटरवर बाण मारते. तिने खाचेतून बोट फिरवले आणि विचारले, “काका, हे उंदरानं खाल्लं का?”

मी नवे लिंब घेतले. सात हजार दोनशे. खटकन बसले.

खालचा जुना लिंब मात्र शाबूत होता. टोकाला झकास बाक असल्याने बायकोने तो लांब काठीला तारेने घट्ट बांधला आणि परसातल्या शेवग्यासाठी आकडी केली. तिने कुठलेही भोक पाडले नाही. काल एका दमात अकरा शेंगा काढल्या.