दोरवाले तात्या

हर्णै बंदरात तात्यांच्या दुकानी नुसतं ‘दोर द्या’ म्हणून भागत नाही. ‘कशाला?’ हा पहिला प्रश्न. ‘होडीला’ म्हटलं की दुसरा, ‘होडीत कशाला?’ नांगरासाठी म्हणालात, तर हातातला हिरवा पॉलिप्रॉपिलिन काढूनच घेतात. “हा तरंगतो हो! शेजाऱ्याच्या पंख्यात गुंतला की भांडण माझ्या दारात.” नांगराला नायलॉन. तुटण्याआधी चांगला पाव हिस्सा लांबतो, लाटेचे हिसके पोटात घालतो.

जावई त्यांनी याच कसोटीवर पारखले. थोरला नायलॉन, कितीही ताणा. धाकटा पॉलिएस्टर: ताणत नाही, पण ओला झाला तरी जोर तोच, उन्हालाही दबत नाही. “आणि चिरंजीव?” मी विचारलं. “पॉलिप्रॉपिलिन. स्वस्त, हलका, सदा वरवर. उन्हात ठेवला की कुसळं निघतात.”

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. मग तात्यांना श्रोत्यांचा तोटा नाही. जाळी दुरुस्त करणाऱ्या खलाशांत बसून ते तागाचा आणि मनिलाचा उद्धार करतात: भिजले की जड, ओले ठेवले की कुजले, आणि आतून कुजलेलं वरून कळतही नाही. काथ्याला मात्र थोडी सूट. खाऱ्या पाण्याला तो दाद देत नाही, पण ताकद हवी तर मनगटाएवढा जाड घ्या! “नायलॉन 1935 चा. आमच्या थोरल्या काकांच्या वयाचा. काका गेले.”

एकदा कुणीतरी सुंभ आणि पीळ काढला. तात्यांनी नायलॉन सुरीने कापला, टोकाशी लायटर धरला. तंतू आक्रसले, काळपट थेंब फुगला, तो सुरीच्या पात्याने चपटा दाबून म्हणाले, “बघा. जाळला तर उलट सुटायचा थांबतो!”

घरच्या विहिरीलाही त्यांनी नायलॉनच लावला होता. गुळगुळीत दोर, गाठ सरकली, पोहरा तळाला. तात्या विहिरीत वाकून म्हणाले, “नायलॉनला एक वेढा जास्त लागतो. गाठ मारणाऱ्याला अक्कल नाही.”

“गाठ तुम्हीच मारली होती,” काकू म्हणाल्या.

आता रहाटावर काथ्या आहे. हाताला काचतो, पण निसटत नाही. तो काकूंनी समोरच्या दुकानातून आणला. रोखीने.