दाजींची वही

आमचे दाजी तीस वर्षं भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. रिटायर झाले, मशीनं सुटली. मग त्यांनी नातेवाईक हाताशी धरले.

पिंपरी-चिंचवडात नाती सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही. इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, हिंजवडीच्या आयटीची शनिवार-रविवारी. वर तीन पाळ्या. आमचे दोन चुलतभाऊ मोशीत एकाच सोसायटीत राहतात; पण एक रात्रपाळी करून उतरतो तेव्हा दुसऱ्याची कंपनीची बस सुटलेली असते. दोघं शेवटचं निवांत बोलले ते वायसीएमच्या वॉर्डात, चुलती ॲडमिट होती तेव्हा.

दाजींचा त्यावर इलाज म्हणजे खिळ्याला टांगलेली लांबडी वही. रकाने असे : नाव, पाळी, सुट्टीचा वार, बीपी, शुगर, शेवटची भेट.

"माणूस ॲडमिट झाल्यावर पळायचं, हे ब्रेकडाऊन मेंटेनन्स झालं," दाजी म्हणतात. "मशीन चालू असतानाच बघायचं असतं, बाबा!"

म्हणून ते धडधाकट माणसाच्या दारात शहाळी घेऊन उभे राहतात. कोण आजारी पडलं म्हणून शेजारी चौकशीला येतात. दाजी त्यांचंही बीपी विचारून घेतात. चाकणच्या भाच्याकडे जायचं तर तळेगाव चौकातल्या कोंडीचा एक तास धरूनच निघतात आणि त्या तासात राहिलेले फोन उरकतात.

पूर्वी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकायचे. आता मोबाइल लावतात. मी "बरा आहे" म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आवाज घासतोय तुझा. झोप होत नाय. डॉक्टरला दाखव."

कुणी खरोखरच आजारी पडलं, तर दाजी ड्यूट्या लावतात. डबा फर्स्ट शिफ्टवाल्याने आणायचा, औषधं सेकंडवाल्याने. रात्री उशाशी बसायला मुद्दाम रात्रपाळीचा माणूस, त्याला जागायची सवय असते म्हणून. वॉर्डात सगळ्यात आधी तोच घोरतो, ही गोष्ट वेगळी.

गेल्या महिन्यात दाजींच्याच छातीत दुखलं. ॲडमिट केलं. ताईने ड्यूट्या लावायला वही काढली. पानंच्या पानं नावं; दाजींचं नाव कुठेच नव्हतं. तिने शेवटी एक ओळ वाढवली. पाळी : रिटायर. बीपी : वाढलेलं. 'शेवटची भेट' या रकान्यावर पेन थांबलं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. दर वेळी दाजीच आमच्याकडे आले होते; त्यांच्याकडे आपण होऊन कोण कधी गेलं होतं, याची तारीख एकालाही सांगता येईना.

दाजी आता घरी आहेत. तो रकाना ताईने माझ्या नावावर लावलाय : महिन्याचा दुसरा रविवार. शहाळी मी न्यायची.