मेलेल्या माकडाचा पंचनामा

माकडताप फार शिस्तीचा रोग असावा. नोंदींवर विश्वास ठेवला तर तो पंचावन्न वर्षं कर्नाटकात, शिमोगा आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत, मुकाट बसून होता. मग त्याला अचानक बदलीचे आदेश सुटू लागले. 2012 ला बंदीपूर, 2013 ला वायनाड, 2015 ला गोव्याच्या सत्तरीतलं पाली, 2016 ला आपल्या कोकणातलं दोडामार्ग, 2017 ला बांदा. दर ठिकाणी हजर झाल्याची नोंद, तारखेसकट.

मला यात विषाणूपेक्षा तपासणाऱ्यांचा प्रवास जास्त दिसतो. सत्तरीचं रान आणि दोडामार्गचं रान यांच्यात कुंपण नाही. म्हादई आणि तिलारीच्या बाजूची झाडं एकमेकांत गुंतलेली आहेत. गोव्यात रोग सापडल्यावर आपल्याकडे पुढच्या वर्षी सापडला, याचा एक अर्थ असाही होतो की आपण पुढच्या वर्षी शोधला. त्याआधी त्या वाड्यांवर कुणी तापाने फणफणलं असेल, तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांतलं काहीतरी पडलं असणार. आणि तेही जमलं नाही तर 'व्हायरल' आहेच. त्या शब्दाखाली काय वाट्टेल ते झाकलं जातं.

साथ पहिल्यांदा कोण कळवतं? आरोग्य केंद्र नव्हे, माकड. मरून. 1957 च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरत असल्याची खबर पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, मिळाली. शास्त्रज्ञ हादरले, कारण दक्षिण अमेरिकेतल्या रानांत पीतज्वर अशीच माकडं मारतो आणि तो आशियात कधी आलेला नव्हता. सापडला भलताच विषाणू, रशियातल्या मेंदूज्वराचा भाऊबंद. झालं, संशय गेला सैबेरियाकडून येणाऱ्या पाखरांवर. त्या संशयापायी सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला जागतिक आरोग्य संघटनेचं पाठबळ मिळालं. पक्षीशास्त्राचं भलं झालं. विषाणू इथल्याच गोचिडीत आरामात बसला होता.

गोचिडीचं गणित साधं आहे आणि म्हणूनच भयंकर. पावसाळा सरला की तिची पिल्लं पाचोळ्यात येतात, आणि डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत माणसं आजारी पडतात. वानर किंवा माकड तापाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गार पडत चाललेलं शरीर सोडून खाली उतरतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघतात. म्हणून माकड जिथे पडलं त्याच्या भोवती पन्नास फुटांत औषध मारायचं, असा नियम. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही, एवढीच त्याची सभ्यता. ज्यांना होतो त्यांतले शंभरात तीन ते पाच जण जातात. आणि होतो कुणाला? काजूच्या बागेत वाकून बिया वेचणारीला, लाकूडफाट्याला जाणाऱ्याला, गुरामागे फिरणाऱ्या पोराला.

म्हणजे माकड पडलं की तासांचा हिशेब सुरू. आता आपली व्यवस्था बघा. माकड वन्यप्राणी, म्हणून ते वनखात्याचं. त्याचं शवविच्छेदन पशुवैद्यकाचं. माणूस तापला की तो आरोग्य खात्याचा. नमुना कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, ते साहेब ठरवणार. गोचीड कुणाची, हे अजून ठरायचंय. आणि माकड गोव्यातल्या फांदीवर मरून महाराष्ट्रातल्या पाचोळ्यात पडलं, तर पंचनामा कुणी करायचा, हे विचारायची सोय नाही. प्रश्न थेट वरपर्यंत जाईल आणि तोवर डिसेंबरचा जून होईल.

कर्नाटकाने हे सगळं आपल्याआधी भोगलं, तरी 2018 च्या अखेरीस सागर तालुक्यातल्या अरळगोडूत माणसं गेलीच. तिथे तर लसही होती. तीन दशकं टोचली, गुण येईनासा झाला, बंद केली. नवी तयार होतेय. तोवर अंगाला गोचीड पळवणारं डीएमपी तेल चोळा आणि अंगभर कपडे घाला, असा सल्ला. एप्रिलच्या घामात, काजूच्या बागेत, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वर तेल! सल्ला लिहिणाऱ्याने ते एकदा करून पाहावं, मग भाषा जरा नरम येईल.

गंमत अशी की माकडांवर कोकणाइतकी बारीक नजर क्वचितच कुठे असेल. टोळी कुठल्या बागेत उतरली, किती आहेत, कुणाचे नारळ गेले, कौलं किती फुटली, सगळं तोंडपाठ. त्यावर निवेदनं निघतात, भरपाईचे अर्ज होतात, पकडा नाहीतर गोळ्या घाला म्हणून सभा तापतात. मेलेल्या माकडावर मात्र एकच शेरा: "बरां झालां, एक कमी झालो." क्वचित कुणी मारुतीराया म्हणून हार घालून पुरतो. श्रद्धा चांगली, पण पुरणाऱ्याच्या खांद्यावर गोचीडही चढते आणि पुण्याला जायचा नमुना खड्ड्यात जातो.

तेव्हा माझी सरकारला फुकटची सूचना. भरपाईच्या अर्जात एक रकाना वाढवा: बागेत मेलेलं माकड दिसलं का, कुठे, कधी. नुकसानीचे पैसे नेहमीप्रमाणे दोन वर्षांनी द्या, कुणाला आश्चर्य वाटणार नाही. तेवढा रकाना मात्र त्याच दिवशी वाचायला एक माणूस नेमा. त्या माणसाचं खातं कुठलं, यावर समिती बसेल, ते मला ठाऊक आहे.