रीलबाधा

"अगं, रिझ म्हणजे काय गं?"

मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडून काकूंचा प्रश्न आला. बदलापूर पश्चिमेला आमच्या गल्लीत अजून चार बैठी घरं उरलीत, म्हणून कुंपण आहे. आणि कुंपण आहे, म्हणून गप्पा आहेत. टॉवरवाल्यांचं बोलणं लिफ्टमध्ये सुरू होतं आणि मजला आला की संपतं.

"काल नातू म्हणाला, 'आजी, आजोबांना अजिबात रिझ नाही.' ह्यांना वाटलं, तपासणीत काहीतरी कमी निघालंय. रात्रभर कूस बदलत होते."

मी हसत सांगितलं, "काकू, कॅरिस्मा या शब्दाचं डोकं-शेपूट उडवलं की राहतं ते रिझ. समोरच्याला भुरळ पाडायची हातोटी. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३ साली त्याला वर्षाचा शब्द ठरवलं."

"म्हणजे पापलेटची मधली तुकडी."

"तेच. तुमचा फ्रिज तरी काय? रेफ्रिजरेटरची मधली तुकडीच ना."

काकूंना हे पटलं. हातातली मेथीची जुडी त्यांनी कुंपणावर ठेवली. आता अर्धा तास तरी निश्चिंती.

"दर वर्षी काढतात का असा शब्द?"

"हो. २०१३ ला सेल्फी होता. २०२४ ला ब्रेन रॉट. मोबाइलवर नाही नाही ते बघून डोकं सडतं, ते. पण तो शब्द काही आजचा नाही. थोरो नावाच्या अमेरिकन लेखकानं १८५४ सालच्या आपल्या 'वॉल्डन' पुस्तकात वापरलाय."

"तेव्हा कुठे होते मोबाइल?"

"मोबाइल नव्हते. सडायला डोकी होती की."

"हं." काकूंनी मेथीची दोन पानं खुडली. "पण एवढं अवघड कशाला बोलायचं? विषबाधा होते, भूतबाधा होते, तशी ही रीलबाधा. आमच्या नातवाला झालीय. मीठमोहऱ्यांनी उतरायची नाही."

मी कपड्यांचा चिमटा तोंडात धरून तशीच उभी राहिले. ऑक्सफर्डला वर्षभर लागतं ते काकूंनी मेथी निवडता निवडता केलं होतं.

"काकू, आपले शब्दही जातात हो तिकडे. ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा मोठा शब्दकोश आहे ना, त्याची दहावी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली. त्यात भारतातल्या इंग्रजीतले २६ नवे शब्द घेतले. आधार, डबा, हरताळ, शादी, चाळ..."

"चाळ?" काकूंचा हात थांबला. काकूंचं सगळं आयुष्य उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमधल्या चाळीत गेलं. ती पाडून इमारत झाली, तेव्हा त्या इकडे आल्या. "आम्ही होतो तेव्हा कोणी विचारलं नाही. आम्ही बाहेर पडलो आणि चाळ पुस्तकात राहायला गेली!"

"टेम्पो, ट्यूबलाइट, बस स्टँड, नॉनव्हेज हेही घेतलेत."

"ट्यूबलाइट म्हणजे आमचे हे. कालचा विनोद आज सकाळी चहाच्या वेळी पेटला."

"आणि विजेला म्हणतात तो करंट. पण तो छापील पुस्तकात नाही, फक्त डिजिटल आवृत्तीत."

"चूक आहे ते. कळव त्यांना. जाते ती लाइट. करंट बसतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतंच. मग मी त्यांना शब्दांच्या येरझाऱ्या सांगितल्या. आपली खाट इंग्रजांनी उचलली, तिची कॉट झाली, आणि कॉट होऊन ती पुन्हा आपल्याच घरात आली. दवाखान्यात आपण कॉटवरच झोपतो. खाटेवर झोपलो म्हटलं तर गावाकडचं वाटतं. कंपाउंडची गंमत आणखी निराळी. वस्तीला मलय भाषेत कांपोंग म्हणतात. इंग्रजांनी तो शब्द पूर्वेकडे ऐकला, आपल्या तोंडाने कंपाउंड केला आणि इथे आणून सोडला, असं बरेच जाणकार मानतात.

काकूंनी कुंपणाकडे नव्याने पाहिलं. "म्हणजे आपण मलेशियाच्या भिंतीवर मेथी निवडतोय."

"सावरकरांनी मराठीत कितीतरी शब्द घडवले. महापौर, दिनांक, क्रमांक, दूरध्वनी..."

"रेशनच्या फॉर्मवर दिनांक लिहिताना कोणाला सावरकर आठवतात? आणि दूरध्वनी फक्त पत्रिकेवर. खाली नंबर असतो तो फोनचा."

काकू बोलून गेल्या, पण मला वाटतं, सगळं शास्त्र त्यात आलं. फॉर्मवर रकाना होता, दिनांक त्यात जाऊन बसला. फोनची जागा तोंडात आधीच भरलेली होती, दूरध्वनी दारात उभा राहिला. राज्य मराठी झाल्यावर सरकारने हुद्द्यांसाठी पदनाम कोश काढला, तर आचार्य अत्रे त्याला बदनाम कोश म्हणाले. गंमत अशी, की त्या काळी हसू आलेले असे कितीतरी सरकारी शब्द आज आपण निमूट वापरतो.

"आमच्या उल्हासनगरला कोश लागत नाही," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माहेरचा अभिमान होता. "नावच बघ. लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिथे सिंधी मंडळी आली. १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते गाव वसलं, उल्हास नदीवरून उल्हासनगर म्हटलं. छावणी जाऊन जमाना झाला, पण रिक्षावाल्याला अजून कॅम्प नंबरच सांगावा लागतो. आणि मालावर मेड इन यूएसए लिहायचे, ते ठाऊक आहे ना?"

"उल्हासनगर सिंधी असोसिएशन!"

दोघी एकदम म्हणालो. हा विनोद इथल्या पोराटोरांना दुधाबरोबर पाजतात. पण शब्द घडवणं म्हणून बघितलं, तर असा हात कुणाचा नाही. तीन अक्षरं अमेरिकेची, अर्थ कॅम्पातला, आणि खोटं बोलल्याचा आरोप कुणावर नाही!

आमची लोकल काय कमी आहे? तिघांच्या बाकड्यावर चौथी कडेला टेकते, ती फोर्थ सीट. अंबरनाथची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटी बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून मुंबईला जातात. त्याला म्हणायचं डाऊन करून येणं. हे कुठल्या मंडळाने ठरवलं नाही. ज्याचे पाय दुखले, त्याने शब्द काढला.

कुकरची तिसरी शिट्टी झाली तशी काकू मेथी घेऊन आत पळाल्या.

चौथ्या दिवशी मी गिरणीत दळण घेऊन गेले. पुढे उभी असलेली बाई शेजारणीला सांगत होती, "आमच्या सासऱ्यांना रीलबाधा झालीय गं, जेवताना ताट दिसत नाही त्यांना." शेजारीण हसली आणि स्वतःच्या नवऱ्याचं सांगायला लागली. आमच्या दोन्ही घरी कामाला येणाऱ्या मावशी त्या बायांच्याही घरी जातात, हे मला मागाहून आठवलं.

पीठ घरात ठेवायच्या आधी मी कुंपण गाठलं. "काकू, तुमचा शब्द गिरणीपर्यंत पोचला!"

"त्या बाईला कोणी अर्थ विचारला का?"

"नाही. सगळ्यांना कळलं."

"मग झालं तर." काकू वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "आणि ऑक्सफर्डला कळवू नकोस हं. चाळीचं काय झालं, बघितलंस ना."